प्रिसाइज म्हणजे नक्की काय?

नव्या मॅडम आल्या त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना मोठ्या खोलीत उभं केलं आणि एकच शब्द इतक्या वेळा उच्चारला, की बैठक संपल्यावर कोणाला दुसरं काही आठवेना.

"मला प्रिसाइज काम हवं आहे. प्रिसाइज माणसं हवी आहेत. या कार्यालयाकडे बघितल्याबरोबर लोकांच्या तोंडून निघालं पाहिजे, प्रिसाइज!"

आम्ही माना डोलावल्या. कार्यालयात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाची मान अर्थाची वाट बघत बसत नाही. ती आपली आपण डोलते.

मॅडम गेल्यावर आमच्या विभागाच्या साहेबांनी दार लोटून घेतलं, खुर्चीत अंग टाकलं आणि मला हळूच विचारलं, "हे प्रिसाइज म्हणजे नक्की काय हो?"

आता, उत्तर त्या प्रश्नातच होतं. 'नक्की' हा शब्द साहेबांच्या तोंडून नुकताच बाहेर पडला होता आणि टेबलावर आमच्या दोघांच्या मधे पडला होता. पण आम्ही जमिनींचे नकाशे काढणारी माणसं. नदी कागदावर दिसेपर्यंत आम्हाला पाय ओले झाल्याचं कळत नाही. मी म्हणालो, "साहेब, शब्द ओळखीचा वाटतो, पण चेहरा आठवत नाही."

"सोमवारपर्यंत आठवा," साहेब म्हणाले. "मॅडम मला विचारणार. आणि मला विचारलं, की मी तुम्हाला विचारणार."

आमच्या इमारतीत तळमजल्यावर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. जिन्याखालच्या 'येथे सायकली लावू नये' या पाटीतही त्यांनी लाल शाईने दोन दुरुस्त्या केलेल्या आहेत. मी त्यांच्याकडे गेलो. ते खिडकीशी बसून औषधाच्या बाटलीवरचा मजकूर तपासत होते.

"मास्तर, प्रिसाइज म्हणजे काय?"

"कोणत्या वाक्यात?"

"वाक्य राहू द्या. नुसता शब्द."

"वाक्यातून काढलेला शब्द पाण्यातून काढलेल्या माशासारखा असतो," मास्तर म्हणाले. "तडफडतो, पण पोहत नाही. बस खाली."

बसलो. उठायला पुष्कळ उशीर झाला. पण मास्तरांनी समजावलं मात्र झकास.

"समज, तू घरातून निघालास आणि बायकोने विचारलं, कधी येणार? तू म्हणालास, संध्याकाळी. आणि आलास संध्याकाळी. हे खरं झालं, पण प्रिसाइज झालं नाही. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, सहा वाजून बारा मिनिटांनी येतो, आणि उगवलास आठला. हे प्रिसाइज झालं, पण खरं झालं नाही."

"आणि सहा-बाराला येतो म्हणालो आणि सहा-बारालाच आलो तर?"

"तर बायको घाबरेल. ते करू नकोस." मास्तरांनी चष्मा पुसला. "मोघम नाही ते प्रिसाइज. आणखी एक. तू परवा जिन्यात कोणालातरी सांगत होतास, एक्झॅक्टली पाच-साडेपाचच्या सुमाराला येतो. मी दाराआडून ऐकलं. एक्झॅक्टली आणि सुमाराला एका वाक्यात! मला रात्रभर झोप नाही."

सोमवारी मी हे सगळं साहेबांना सांगितलं. साहेबांनी ते मॅडमना सांगितलं. मॅडमनी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? साहेबांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव घेतलं, पण पुढच्या उपप्रश्नाला अडखळले आणि माझं नाव सांगून मोकळे झाले. अशा रीतीने मी कार्यालयाचा प्रिसाइज माणूस ठरलो. इतर विभागांतले लोक मला बोलावून आपापल्या पत्रांवर बोट ठेवून विचारू लागले, "बघा जरा, हे प्रिसाइज आहे का?" मी पत्र हातभर लांब धरायचो, डोळे बारीक करायचो आणि म्हणायचो, "जवळजवळ."

खोटं कशाला बोलू, मला चढली होती. घरीसुद्धा मी चहात साखर प्रिसाइज टाक असं म्हणू लागलो. बायको म्हणाली, "तुमचा चमचा वेगळा ठेवलाय. तुम्हीच टाका."

तेवढ्यात वरच्या कार्यालयातून तपासणी येणार असं कळलं. खुद्द थोरले साहेब येणार होते. थोरले साहेब म्हणजे मॅडमच्याही वरचे. त्यांच्या एका शेऱ्यावर माणसं दूरच्या शाखेत फेकली जात. दूरची शाखा म्हणजे एक खोली, एक टेबल आणि खिडकीतून जिथवर नजर जाईल तिथवर मोजायची राहिलेली जमीन. माझी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. बदली हा शब्द आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं.

मॅडमनी ठरवलं, स्वागताला दारात उभ्या राहणाऱ्या आम्हा अकराजणांच्या अंगात एकसारखे निळे कोट हवेत. "आणि फिटिंग कसं हवं?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"प्रिसाइज," मी म्हणालो.

"मग हे काम तुमचंच."

माणूस अडकतो तो असा. तोंड उघडलं की अर्धं काम झालं, आणि राहिलेलं अर्धं आपल्याच गळ्यात.

शिंपी आमच्या गल्लीतलाच. चांगला माणूस. एकच खोट, दुकानात एका वेळी तीन शिलाई यंत्रं धडधडत असतात आणि तो सगळं ऐकू आल्यासारखं हसतो. तो म्हणाला, माणसांना पाठवा, मापं घेतो. मी म्हणालो, अकरा माणसं कामाच्या वेळात दुकानात येणार नाहीत. मापं मी घेतो. आमचा धंदाच मोजण्याचा.

कार्यालयात कपड्याची टेप नव्हती. जमीन मोजायची फीत होती. ती मीटरची, शिंप्याच्या टेपसारखी इंचांची नव्हे. मी म्हटलं, काय बिघडलं? जिने डोंगर मोजले तिला रोखपालाचं पोट जड आहे का? थोडं होतं. आमच्या रोखपालाला सगळे ऐसपैस म्हणतात. मी फीत त्याच्या कमरेभोवती नेली तेव्हा त्याने श्वास आत ओढला आणि मी आकडा लिहिताच सोडला. मी पुन्हा मोजलं. त्याने पुन्हा ओढला. "एक काय ते ठरवा," मी म्हणालो. "तुम्ही लिहून होईपर्यंतच मला धरवतं हो," तो कळवळून म्हणाला. उलट आमचा टंकलेखक. त्याचं नाव काडी. तो छाती फुगवून असा उभा राहिला, की मोजून झाल्यावर त्याला खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. साहेबांनी माप देताना डोळे मिटून घेतले आणि आकडा कोणाला सांगायचा नाही अशी माझ्याकडून शपथ घेतली.

मी कापड आणि मापांचा कागद शिंप्याकडे पोचवला. छाती शून्य पूर्णांक नव्याण्णव मीटर, बाही शून्य पूर्णांक एकसष्ट मीटर. शिंप्याने कागद उलटा धरला, मग सुलटा धरला. "शिकलेल्या माणसाचं काम आहे," तो म्हणाला. मी हे कौतुक समजलो.

तपासणी अचानक अलीकडे आली. मी कार्यालयातूनच शिंप्याला फोन लावला. चारचौघांत लावला, कारण तो शब्द मला चारचौघांत वापरायचा होता. सकाळीच बायको म्हणाली होती, "अहो, साधं अंगाबेताचे शिवा म्हणा की." मी तिला म्हणालो होतो, कोट इंग्रजी, तर सूचनाही इंग्रजीतच शोभते.

फोनमधून यंत्रांची धडधड येत होती. शिंपी ओरडला, "साहेब, बरं झालं फोन केलात! मापांचं जरा कळत नव्हतं! फिटिंग कसं ठेवू?"

"प्रिसाइज!" मी ओरडलो.

"कसं?"

"प्रिसाइज! प्रिसाइज!"

"सगळ्यांचंच?"

"सगळ्यांचं! एकालाही वगळू नका!"

"तुमचंसुद्धा?"

"माझं तर सगळ्यात आधी!"

"वा साहेब! मग काय, सोपंच झालं! परवा घेऊन जा!"

मी फोन ठेवला आणि सभोवार बघितलं. "याला म्हणतात कारागीर," मी म्हणालो. "प्रिसाइज म्हटल्याबरोबर याला काम सोपं वाटायला लागलं." आता मला वाटतं, तिथेच मला शंका यायला हवी होती. आली नाही. मी डबा उघडून शांतपणे जेवलो.

कोटांचा गठ्ठा वेळेवर आला. मी म्हटलं, एकदा घालून बघू. भांडार सांभाळणारा गृहस्थ आडवा आला. "जमा होण्याआधी घातला, तर वापरलेला माल ठरतो. वापरलेला माल नवा म्हणून जमा करता येत नाही."

"मग जमा करा आणि मग घालतो."

"जमा झाला, की तपासणीच्या दिवसाआधी वाटता येत नाही. मंजुरी त्या दिवसाची आहे."

"आणि मापात नसला तर परत देता येईल?"

"जमा झालेला माल परत देता येत नाही."

"म्हणजे घातल्याशिवाय घ्यायचा आणि घेतल्यावर परत द्यायचा नाही?"

"असं सगळ्यांना समजलं असतं, तर माझं काम हलकं झालं असतं," तो खूश होऊन म्हणाला, आणि गठ्ठा कपाटात ठेवून त्याने कुलूप लावलं.

तपासणीच्या सकाळी मोठ्या खोलीत गठ्ठा सुटला. ज्याच्या हाताला जो आला तो त्याने चढवला. 

मी आयुष्यात धक्के खाल्ले आहेत. पण माणसं डोळ्यांदेखत नाहीशी होताना मी कधी पाहिली नव्हती. खांदे कोपरापाशी उतरले होते. बाह्यांच्या टोकांना हात नव्हते. साहेबांचा कोट गुडघ्याखाली गेला होता आणि ते पावलं जपून टाकत होते. काडीला कोणीतरी मागून हाक मारली. काडी वळला. कोट समोरच बघत राहिला. ऐसपैसने बटणं लावली, खाली बघितलं, पुन्हा खाली बघितलं, आणि म्हणाला, "मी एवढा बारीक आहे?"

मी बाहीतून हात शोधून काढला आणि फोनकडे धावलो.

"हे काय शिवलंत तुम्ही?"

"आवडले ना साहेब?" शिंपी म्हणाला. त्या दिवशी नेमकी यंत्रं बंद होती. त्याचा शब्द न् शब्द मला घंटेसारखा ऐकू आला. "तुम्ही म्हणालात तसे. अकराच्या अकरा, फ्री साइज."

"फ्री साइज?"

"तुम्हीच ओरडत होतात ना, फ्री साइज, फ्री साइज! मी म्हटलं, तुमचंही? तर म्हणालात, माझं आधी."

"अहो, मग मी मापं कशाला पाठवली होती?"

"मला वाटलं ती चुकली, म्हणून तुम्ही फ्री साइजवर आलात," तो समजुतीने म्हणाला. "चुकलीच होती साहेब. कोणाचीच छाती एक मीटरसुद्धा नव्हती."

मी परत आलो तेव्हा मॅडम खोलीच्या मधोमध उभ्या होत्या.  आम्ही अकराजण भिंतीला लागून उभे होतो, म्हणजे कोट उभे होते आणि आत कुठेतरी आम्ही होतो. मॅडमनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी बाही वर केली. बाहीचं रिकामं टोक माझ्याकडे वळलं.

"हे यांचं काम," साहेब म्हणाले.

पंधरा वर्षं ज्या माणसाला मी माझ्या डब्यातलं लोणचं दिलं, त्याने मला नुसत्या बाहीने दाखवून दिलं. हात दिसला असता तर एवढं लागलं नसतं.

"यावर आपण नंतर बोलू," मॅडम म्हणाल्या. माझ्या डोळ्यांपुढे एक खोली, एक टेबल आणि एक खिडकी येऊन उभी राहिली. कोट काढा म्हणायलाही वेळ नव्हता. खाली गाडीचं दार वाजलं.

थोरले साहेब आत आले. नावाप्रमाणेच थोरले. त्यांच्या अंगात करड्या रंगाचा कोट होता आणि त्याचं मधलं बटण जिवाच्या कराराने टिकून होतं. त्यांनी आमच्या रांगेकडे बघितलं. हस्तांदोलनासाठी हात पुढे केला आणि माझी बाही हलवली. मग शेजारच्या दुसऱ्याची हलवली. तिसऱ्यानंतर त्यांनी नाद सोडला आणि ते नकाशांच्या टेबलाकडे वळले.  आमच्या मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हा नकाशा कुठला?" असं म्हणून थोरले साहेब टेबलावर वाकले.

चर्रर्र.

आवाज लांबत गेला. मला आधी वाटलं, नकाशा फाटला. पण नकाशा शाबूत होता. थोरल्या साहेबांचा कोट पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत उसवला होता आणि आतला सदरा सगळ्या कार्यालयाला दिसत होता. ते वाकलेलेच राहिले. उठावं की नाही, हे बहुधा त्यांना ठरवता येईना. आम्ही सगळ्यांनी श्वास धरले. ऐसपैसला याची सवय होती, बाकीच्यांना त्रास झाला.

मग मॅडम माझ्याकडे आल्या. त्यांनी माझा कोट बटणंही न सोडता डोक्यावरून ओढून काढला आणि थोरल्या साहेबांपुढे धरला. "सर, हा घ्या."

थोरल्या साहेबांनी फाटका कोट खुर्चीवर टाकला आणि हा घातला. एक हात गेला. दुसरा गेला. बटणं लागली. त्यांनी दोन्ही हात वर केले, खाली केले, मागे नेले. वाकले, उठले, पुन्हा वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू जन्मभर बसच्या मधल्या जागेवर बसलेल्या माणसाला कोणीतरी खिडकी दिली असावी.

"हा कोट," ते म्हणाले, "कोणी केला?"

आता या वेळी साहेबांची बाही माझ्याकडे वळायला हवी होती. वळली नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, आमचं कार्यालय पाहुण्यांचाही विचार करून ठेवतं."

तपासणी उत्तम झाली. थोरल्या साहेबांनी एकही कपाट उघडायला लावलं नाही. ते हात पसरत, फिरत, खिडकीत उभे राहत हिंडले आणि कोट तसाच घालून गेले. भांडारवाला त्यांच्या गाडीमागे "सर, सही, सर" करत फाटकापर्यंत धावला.

संध्याकाळी मॅडमनी मला आत बोलावलं.

"शिंप्याला तुम्ही नेमकं काय सांगितलंत?"

मी सांगितलं. धडधडीसकट सांगितलं. मॅडमनी डोळे मिटले आणि ओठ हलवून तो शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. एकदा असा, एकदा तसा. मग डोळे उघडले.

"हे बाहेर कोणाला कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "तुमच्या बदलीचा कागद मी काढला होता. तो मी फाडते. पण हा शब्द यापुढे या इमारतीत कोणी उच्चारायचा नाही."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. माझी बदली टळली म्हणून तिचे डोळे भरून आले, आणि फ्री साइजपर्यंत पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि हसून हसून तिला ठसका लागला. मुलीने पाणी आणून दिलं, आणि कारण कळल्यावर तीही खाली बसली. मी एकटा उभा होतो.

"अहो," शेवटी बायको डोळे पुसत म्हणाली, "तंतोतंत म्हणायला काय झालं होतं? अख्खा शब्दच दोऱ्याचा आहे. शिंप्याला तो झोपेतसुद्धा कळला असता."

 असा घरचा, विणीचा शब्द तोंडात असताना मी कुठे कुठे हिंडलो होतो!

इथे हे संपलं असतं तर मी कोणाला सांगितलंच नसतं. पण दुसऱ्याच आठवड्यात वरच्या कार्यालयातून आदेश आला. थोरले साहेब त्या कोटात इतके रमले होते, की सगळ्या शाखांतल्या मिळून चारशे कर्मचाऱ्यांसाठी तसेच कोट शिवायचं ठरलं. नमुन्यात आणि कोटात कणभरही फरक चालणार नव्हता. कामाची जबाबदारी, अनुभव लक्षात घेऊन, माझ्याकडे देण्यात आली होती. अभिनंदनाला पहिले साहेब आले. मी त्यांना लोणचं दिलं नाही.

या वेळी मी फोन केला नाही. स्वतः दुकानात गेलो, तिन्ही यंत्रं बंद करवली आणि शिंप्यासमोर उभा राहून शुद्ध मराठीत सांगितलं, "मागच्यासारखेच. तंतोतंत. दोऱ्याचाही फरक नको."

शिंप्याला शब्द न् शब्द कळला. त्याने कात्री खाली ठेवली आणि खिन्नपणे मान हलवली.

"साहेब, दुसरं काहीही सांगा. ते अकरा मी नजरेच्या अंदाजाने कापले होते. फ्री साइजला माप कुठे असतं?"

"पण त्यातला एक तर बघून—"

"आणा की."

आणणार कुठून? राहिलेले दहा भांडारवाल्याने 'वापरलेला माल' म्हणून रद्द करून मोडीत विकून टाकले होते, आणि अकरावा थोरल्या साहेबांच्या अंगात होता. ते तो झोपतानाच काढतात असं ऐकलं होतं. मी हे शिंप्याला सांगितलं आणि त्याच्या स्टुलावर बसलो. तेवढ्यात दुकानासमोर टेम्पो थांबला. त्यात वरपर्यंत निळ्या कापडाचे गठ्ठे रचले होते. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कुठं उतरवू?"

शिंप्याने गठ्ठ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम त्याला हुशारी आली.

"साहेब, ज्यांना तो बसला, त्यांचं पोट साधारण केवढं? नुसतं हातांनी दाखवा."

मी उठलो. दोन्ही हात पुढे पसरून मी हवेत थोरल्या साहेबांना कवेत घेतलं.

"एवढं?" मी विचारलं.

"नाही," शिंपी आपण कापलेला कोट आठवत म्हणाला, "जरा कमी."

मी हात आवळले.

"आता?"

"आता फार झालं. जरा सोडा."

मी बोटभर सोडले. ड्रायव्हर खाली उतरून बघत उभा राहिला. समोरचे दुकानदारही दारात आले. मी डोळे मिटले, तपासणीची ती सकाळ आठवली, आणि हात जिथे थांबायला हवे होते तिथे अचूक थांबले.

"हां," मी म्हणालो. "अगदी एवढं."

"शाब्बास!" शिंपी म्हणाला. "आता हलू नका साहेब. हात तसेच ठेवा. टेप कुठे ठेवलीय तेवढी बघतो."